सुपारी कातरणारा हात

अण्णा,

फिजिओथेरपीच्या प्रबंधाची चौकट लिहायला बसले आणि लिहितेय तुम्हाला. अर्धांगवायू झालेली माणसं हातापायाचे व्यायाम कशाच्या बळावर करतात आणि मध्येच का सोडून देतात, हा माझा विषय. त्यासाठी आधी एक सिद्धांत निवडावा लागतो, रुग्णाच्या मनाकडे कुठून बघायचं ते ठरवावं लागतं. नकटीच्या लग्नासारखं चाललंय सगळं. मार्गदर्शक बाई परवा म्हणाल्या, "वडिलांवर प्रबंध लिहायचा नाही. सोमवारी चौकट आणा, नाहीतर विषय सोडा." त्यांचं चुकत नाही. पण कुठलाही सिद्धांत वाचला की मी आधी तुम्हाला त्यात बसवून बघते, आणि तुम्ही बसत नाही.

अजून डोळ्यांपुढे येतं, राणीसावरगावला आपल्या ओसरीवर तुम्ही बसलेले आहात. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. मी परभणीहून रबरी चेंडू आणलाय, दाबा म्हणतेय, आणि तुम्ही तो डाव्या हातानं माझ्याकडेच टाकताय. "लेकराचा खेळ हाय ह्यो. मला न्हाई जमायचा." तेवढ्यात शेजारचे मामा आले आणि तुम्ही अडकित्ता मागितला. घरी आलेल्याला आपल्या हातानं सुपारी कातरून द्यायची, हा तुमचा जन्माचा नेम. उजव्या हाताची बोटं थरथरत अडकित्त्यावर मिटली, सुपारी निसटली, पुन्हा धरलीत, कपाळ घामानं भिजलं, आणि खांड पडलं. "घ्या," म्हणालात, "आमच्या डाक्टरीनबाईनं हात चालू केलाय." मी आत जाऊन रडले. मग सगळा पावसाळा कुणी ना कुणी येत राहिलं आणि हात सुटत गेला.

दिवाळी झाली आणि गल्ली ऊसतोडीला गेली, मामाही गेले. संक्रांतीला मी आले तर अडकित्ता गंजलेला, मूठ पुन्हा आखडलेली. मला कातरून द्या म्हटलं. "तू कुठं खातीस सुपारी?" म्हणालात आणि हसलात. मग अडकित्ता बाजूला सारत, "कोन यायलंय बाई आता? कुनासाठी कातरू?" लोक परतायच्या आधीच तुम्ही कायमचे गेलात.

एक सिद्धांत म्हणतो, उपचाराचा फायदा पटला की माणूस तो करतो. तुम्हाला पटलेला होता. दुसरा म्हणतो, प्रेरणा आतून येते आणि तिला आपल्या माणसांचा आधार लागतो. मी आशेनं त्याची प्रश्नावली उघडली. रुग्णाला कोण आधार देतं, एवढंच त्यात विचारलंय. रुग्णाला कुणाला काही द्यायचं आहे का, हे विचारलेलंच नाही. माझ्याकडे रोज आखडलेले हात येतात, आम्ही कागदावर 'प्रेरणा कमी' लिहितो आणि पुढच्याला आत बोलावतो. माझ्या प्रबंधानं त्यातलं काही बदलेल असं मला आता वाटत नाही.

बाईंना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. त्यांना चालेल अशी चौकट कधीच लिहून तयार आहे. ती दिली की काम सरकेल, एक दिवस पुरंही होईल. पण ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमची डाक्टरीन' म्हणून सांगणारं आता कुणी नाही. हे पत्र तर कुठं टाकायचं नाहीच, अडकित्त्याखाली ठेवीन. चौकटीचा कागद मात्र रोज हातात घेते आणि परत ठेवते, अण्णा. कुणाला दाखवू?