दगडावरची ओळ

५ जानेवारी

नाही म्हणायला गेले होते, हो म्हणून आले! शाळेसमोर गावातल्या गेलेल्या जवानांचा दगड बसतोय, सव्वीस जानेवारीला. प्रत्येक नावाखाली दोन ओळी. त्या मी लिहायच्या. सरपंच दादासो म्हणाला, "काकी, वाचनालयातली कपाटं तुमीच उपसलीत. आन् आता मोबाइलात एआय हाय की. त्यो झकास लिवतोय. तुमी नुसतं बघायचं."

नुसतं बघायचं! चौथी शिकलेल्या बाईला बघायलाही येतं आणि खोडायलाही येतं.

नावांत आमचे हेही आहेत.

७ जानेवारी

शिवांजलीने सांगलीहून फोनवरच शिकवलं. "आई, नव्या सुनेला सांगतात तसं सांगायचं त्याला. काय करायचं तेही आणि काय करायचं नाही तेही." लेक सासरी जाऊन शहाणी झाली!

९ जानेवारी

कामाचं आहे, खोटं कशाला बोलू. धोंडुबाईच्या गेलेल्या लेकाची, बाळासोची माहिती दिली तर उलट मलाच विचारलं — या सालाप्रमाणे भरतीवेळी वय चौदा येतं, बरोबर आहे का? साल मीच चुकवलं होतं. दगडावर कोरलं गेलं असतं तर झालंच होतं.

पण पुढे लिहिलं — 'हसतमुख बाळासो सर्वांचा लाडका होता.' धोंडुबाईला वाचून दाखवलं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "हसतमुख? माझा बाळासो? आगं, सारखा कावल्याला असायचा! चहात साखर कमी पडली तरी फुगायचा. ह्यो कुणाचा पोरगा लिवलायस?" मग हसता हसता रडली. "कावल्यालाच लिव बाई. त्यो माझा हाय."

'स्वभावाने तापट, मनाने सरळ' असं ठरलं. शब्द एआयचे, होकार धोंडुबाईचा. आता हाच नियम! त्याने मांडायचं, मी तपासायचं, घरच्यांनी हो म्हणायचं. मगच दगड.

१२ जानेवारी

आज ह्यांचं घेतलं. जेवढं माहीत तेवढंच सांगितलं. आकाराम, पलटणीत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. वर बर्फात ठाणं. रात्री कडा सुटायला लागला, सगळे तंबूतून बाहेर पळाले. हेही बाहेर आले. मग परत आत गेले. बर्फ आला.

एआयने लिहिलं — 'साथीदारांना वाचवण्यासाठी स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता ते पुन्हा आत गेले.'

मोबाइल उलटा ठेवला आणि भाकरी थापायला बसले.

१३ जानेवारी

ती ओळ सारखी वाचतेय. दहा वर्षं मला हेच पाहिजे होतं ना? कारण! दहा वर्षं मनात एकच — आवं, बाहेर आला होता की तुम्ही! परत कशाला गेला? शालीसाठी? फोटोसाठी? लेकीचा विचारही आला नाही का? पलटणीतून आलेल्या साहेबांनाही सांगता आलं नव्हतं. आणि हे मोबाइलातलं एका दमात सांगून मोकळं.

ठेवू का? कोण विचारणार आहे?

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टीवर असले की आजच्या पोळ्या हेच करायचे. मला चुलीपाशी फिरकू द्यायचे नाहीत. आणि घरातलं कुणी मागे राहिलं असेल तर त्याचं ताट झाकून ठेवायचे. मी चिडवायची, "इथं कुणाची पलटण येणार हाय?"

असा माणूस. याच्याबद्दल मी बनावट ओळ ठेवायची?

एआयला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? लगेच उत्तर — तुम्ही हे सांगितलं नव्हतं, मी अंदाजाने जोडलं, माफ करा. इतक्या लवकर माणसं कबूल होत नाहीत! मग बजावलं. माहीत नसेल तिथे माहीत नाही असंच लिहायचं.

आता असं आहे — 'पलटणीचे स्वयंपाकी. बर्फ कोसळताना बाहेर आले होते, परत आत गेले. का गेले, ते कुणाला माहीत नाही.' खाली त्याने सुचवलं की स्मारकावर हे अपुरं वाटेल, दुसरे पर्याय देऊ का?

नको. अपुरंच आहे ते.

१६ जानेवारी

आधीची आणि आताची, दोन्ही ओळी दादासोला दाखवल्या होत्या. तणतणत आला. "काकी, सोयपाकी कशाला लिवायचं? जवान लिवा की. आन् म्हाईत न्हाई म्हंजे काय? पावनं येनार, लोक हसतील."

म्हटलं, "तुझी पलटण काय उपाशी लढती व्हय रं?"

"आवं, पयलं लय भारी हुतं! वाचताना काटा आला अंगावर."

"मलाही आला होता. म्हणूनच काढलं."

२० जानेवारी

दादासोने मला न सांगता एआयची पहिलीच ओळ दगडवाल्याला पाठवून दिली! धोंडुबाईकडून कळलं. मिळेल ती एसटी धरून कोरेगावला दगडवाल्याकडे पोचले. दगड आडवा ठेवलेला, वर अक्षरांचा कागद चिकटवलेला. अजून छिन्नी लागली नव्हती. मी कागदाचं टोक धरलं आणि ओढला.

दगडवाला ओरडला, "आवं काकी! सरपंचांनी पास केलंय त्ये!"

"नवरा सरपंचाचा नव्हता," म्हटलं.

मग चहा मागवला त्याने. मी तिथेच बसून राहिले. माझी ओळ कोरून होईपर्यंत हलले नाही.

२६ जानेवारी

दगड बसला. लोक वाचायचे, माझ्याकडे बघायचे, पुढे सरकायचे. एक बाई कुजबुजली, "नवऱ्याचं जरा चांगलं तरी लिवायचं." मान खाली घातली नाही. धोंडुबाईने 'तापट'वरून बोट फिरवलं आणि माझा हात धरला.

शिवांजलीने फोटो काढला. म्हणाली, पप्पांच्या पलटणीच्या ग्रुपवर टाकते.

२९ जानेवारी

घर शांत. पुस्तक उघडलं, एक पान झालं नाही. कारण माहीत नसताना जगायची सवय होती. दगडावर बघितल्यापासून ती मोडली.

३१ जानेवारी

सकाळी अनोळखी फोन. "वहिनी, मी मेढ्याचा जोतीराम. आकारामच्या संगं हुतो." ग्रुपवर दगडाचा फोटो बघितला म्हणाला.

"दगडावर लिवलंय, कुणाला म्हाईत न्हाई. वहिनी, मला म्हाईत हाय. तोंड उघडायचं धाडस झालं न्हाई कवा. त्या राती मी पहाऱ्यावरनं उशिरा आलो. समदे भाईर हुते. मी उपाशी. त्यो म्हनला, थांब गड्या, तुजं ताट झाकून ठेवलंय, आनतो."

ठेवलंच असणार.