पडद्यावरचा ठिपका

ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. माझा खोकला आहे तसाच आहे. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी चारचारदा उठतो, त्यावरून तुझा नवरा चिडतो. आपल्या बोकीच्या जुळलेल्या बोटांचं ऑपरेशन कधी ते कळव. मला घोर लागून राहिला आहे.

आपल्या चौघांचं रक्त तपासणाऱ्या बाईंनी काल बोलावलं होतं. मी सातवी शिकलेला, समजलं तसं लिहितो. पेशीत एक लांबच लांब धागा घड्या घालून कोंबलेला असतो. धाग्यावर दूर असलेल्या जागा घडीत एकमेकींना भिडतात. बाई त्या तशाच चिकटवतात, धागा कापतात आणि जोडीने निघालेले तुकडे यंत्रात वाचतात. वाचण्यासाठी काढलेल्या एकाच जोडीच्या नकला एकदाच धरायच्या. एखादी जोडी योगायोगानेही पडते. पण निरनिराळ्या शेकडो तुकड्यांत तीच दोन ठिकाणं आली, तर ती खरीच शेजारी. त्याचा नकाशा पडद्यावर दिसतो, शेजार तिथे ठिपका.

बोकीच्या नकाशात कोपऱ्यात गडद ठिपका होता. मला वाटलं डाग. रुमाल काढून पडदा पुसला.

बाई हसल्या. "आजोबा, तो पुसून नाही जायचा. बोटं घडवणाऱ्या जागेला भलतीच जागा भिडलीय."

तुझ्या नकाशात तो ठिपका नाही.

"यंत्र चुकलं असेल, पुन्हा वाचा," मी म्हणालो. त्यांनी दोनदा वाचून ठेवलं होतं. तुझ्या नवऱ्याच्या नकाशात आहे. मग त्यांनी तिसरा उघडला. तो माझा.

"तुमच्या पायाची बोटं जुळलेली आहेत का हो?"

"थंडी फार आहे, मोजे नाही काढत," मी म्हणालो.

आहेत, सूनबाई. डाव्या पायाची दोन. तुझ्या सासूशिवाय कुणी पाहिली नव्हती, आणि ती आता नाही. चार महिन्यांपूर्वी तुझ्या आईवडिलांसकट अकरा माणसांसमोर मी म्हणालो, "हे सुनेच्या माहेरचं. आमच्यात असलं काही नाही." तेव्हा ती बोटं माझ्या बुटात होती आणि मला ते ठाऊक होतं. तू त्याच दुपारी बॅग भरलीस.

त्या अकरा जणांना हाच मजकूर रात्रभर बसून हाताने उतरवला आणि आज सकाळी टपालात टाकला. तुझं पत्र शेवटी राहिलं.

परत ये म्हणायला मला तोंड नाही. बोकी मोठी झाली की तिला सांग, हे कुणाकडून आलं.

तू नातं नाही म्हणालीस तरी,
बोकीचा आजोबा