सर्व्हरवरील दर्शन नागवेकर यांच्या नावाची सूचना तशीच ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
किनारपट्टी आंबा-काजू खरेदी-विक्री सहकारी संघ,
मुख्य कार्यालय, रत्नागिरी

(शाखाप्रमुख, राजापूर यांच्यामार्फत)

अर्जदार : सौ. राजश्री दर्शन नागवेकर, लिपिक, राजापूर शाखा

विषय : सर्व्हरवरील सूचना काढण्याबाबतचा पूर्वीचा अर्ज मागे घेणे.
संदर्भ : सरव्यवस्थापकांचे 'दुसरी संधी' हे पत्र, दि. २८ जानेवारी २००६.

माननीय महोदय,

१. अर्जदाराचे पती दर्शन नागवेकर हे मुख्य कार्यालयात संगणक सहाय्यक होते. संघाचा सर्व्हर एकच असून राजापूर, पूर्णगड व मिरकरवाडा येथील कर्मचारी आपापल्या जागेवरून त्याच सर्व्हरवर काम करतात. गेल्या एप्रिलात, आंब्याची आवक भरात असताना, त्यावर नवा डाटाबेस बसवण्याचा तोंडी आदेश सरव्यवस्थापक श्री. परुळेकर यांनी दिला. "सगळे आत काम करतायत साहेब, संध्याकाळी ते बाहेर पडले की बसवतो," असे पतींनी सांगितले. "मी तुला वेळ विचारलेली नाही," असे उत्तर मिळाले.

२. डाटाबेस बसवताना सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. सगळ्या शाखांचे पडदे एकदम काळे झाले आणि सकाळपासूनच्या आवकीच्या नोंदी गेल्या. बागायतदार टेम्पो घेऊन दारात उभे होते. त्यांची बोलणी साहेबांना खावी लागली.

३. सर्व पूर्ववत झाल्यावर साहेबांनी पतींकडूनच सर्व्हरवर एक सूचना लिहून घेतली. सर्व्हरवर शिरताना ती प्रत्येकाला प्रथम दिसते : 'दर्शन नागवेकर यांच्या बेफिकिरीमुळे हा सर्व्हर बंद पडला होता. सर्वांनी बोध घ्यावा.' पतींनी 'चुकीमुळे' लिहिले होते. साहेबांनी पाठीशी उभे राहून ते पुसायला लावले. खालचे 'ओके' दाबल्याशिवाय काम सुरू होत नाही. अर्जदारही ते रोज दाबते. वीज जाऊन आली की पुन्हा दाबते. राजापुरात वीज वारंवार जाते.

४. पतींना गोदामात पेट्या मोजायला बसवले. तिथली माणसे त्यांना "ए ओके, चहा आण" अशी हाक मारू लागली. दसऱ्यानंतर त्यांनी नोकरी सोडली व ते पूर्णगडला घरी बसले. सूचना मात्र राहिली, म्हणून अर्जदाराने ती काढण्याची विनंती केली. ज्याने घातली त्यानेच येऊन काढावी, असा आदेश झाला.

५. ठरल्या दिवशी पती इस्त्रीचा सदरा घालून आले. अर्जदारासही राजापुरातून मुद्दाम बोलावले होते. सर्व कर्मचारी जमवले होते, चहा सांगितला होता. पतींचा पासवर्ड लागेना. तो आधीच रद्द केल्याचे पती व अर्जदार सोडून तिथे सर्वांना ठाऊक होते. ते पुन्हा पुन्हा टाईप करत राहिले. "नागवेकर, स्वतःचं नाव तरी आठवतं का?" असे साहेब म्हणाले. सगळे हसले. त्यात अर्जदाराच्या शाखेतली, तिच्या डब्यातले खाणारी माणसेही होती.

६. मग पती उठले आणि एकेकापुढे जाऊन हात जोडून माफी मागू लागले. कोणी थांबवले नाही. अर्जदारापुढे आल्यावर त्यांनी तसेच हात जोडले व म्हणाले, "मॅडम, माझ्यामुळे तुमचं काम अडलं." अर्जदाराने "ठीक आहे" म्हटले.

७. आता संदर्भातील पत्राने सूचना काढण्यासाठी येत्या सोमवारी त्यांना पुन्हा बोलावले आहे. पत्र आल्यापासून ते रोज सकाळी आंघोळ करून, सदरा घालून पडवीत बसतात. अर्जदाराच्या सासूबाई सगुणा "आज नाय रे, सोमवारी" म्हणून समजावतात. "साहेबांनी आधीच बोलावलं तर?" असे ते विचारतात. हे ते थट्टेने विचारत नाहीत.

८. सबब अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज रद्द समजावा. सूचना आहे तिथे राहू द्यावी. तिच्यात आणखी मजकूर घालायचा असल्यास अर्जदाराची हरकत नाही, तसे लेखी देण्यास ती तयार आहे. फक्त पतींना बोलावू नये. बोलावले की ते येतात.

संघाच्या सेवेत असलेली,
(सही)
सौ. राजश्री दर्शन नागवेकर
राजापूर, दि. २ फेब्रुवारी २००६

सोबत : संदर्भातील पत्राची प्रत