बाबा स्वयंपाकघरात कुणाशी बोलतात

४ ऑगस्ट, सोमवार
प्रोजेक्ट झकास आहे. बायको गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी गप्पांचं अ‍ॅप. शुक्रवारी क्लायंटला एम्पथी मॅप दाखवायचा. म्हातारा काय बोलतो, काय करतो, मनात काय, वाटतं काय. चार चौकोन. दिशा म्हणाली, आधी माणसांना भेट, अंदाजाने भरू नकोस. सीनियर आहे म्हणून ऐकून घेतलं. आईला जाऊन वर्ष होत आलं, बाबा माझ्याच घरात आहेत, मला कसले अंदाज लागतात? चहा संपायच्या आत भिंतीवर चिठ्ठ्या लावून चारही चौकोन भरले. 'वाटतं'मध्ये लिहिलं: सावरलेत.

५ ऑगस्ट
काम घरूनच. कॉल चालू असताना, हेडफोन लावूनही स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज येत होता. श्रावण संपल्यावर सुरमई आणूया का, असं कुणाला तरी विचारत होते. कणकवलीच्या बाळाकाकांचा फोन असणार. चिठ्ठी लावली: मित्रांशी भरपूर बोलतो.

६ ऑगस्ट, संध्याकाळ
पाणी प्यायला गेलो. बाबांचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला. बाबा ओट्यापाशी पाठमोरे, समोर दोन कप. म्हणाले, "चाय थंड होतली." त्या कोपऱ्यात आई उभी राहायची. अंगावर काटा आला. पाणी न पिताच परत आलो, दार लावून घेतलं. उद्या विचारायचं. नक्की.

७ ऑगस्ट
नाही विचारलं. कॉल होते. शिवाय विचारलं की माणूस खरं सांगत नाही, हे माझं प्रोफेशनल मत. बाबांना दुसरा कप सिंकमध्ये ओतताना पाहिलं. आईसाठीच. मॅप बदलला. बोलतो: गेलेल्या बायकोशी. लिहिताना रडू आलं, म्हणजे क्लायंटही रडेल. आता मलाही पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. भीती वाटते यार. हेडफोन काढतच नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
क्लायंट हलला. दिशाने एवढंच विचारलं, हे त्यांनी सांगितलं का तुला? म्हटलं, ऑब्झर्व्ह केलं. म्हणाली, आत्ता जाऊन विचार, मग फाइल पाठव.

विचारलं. अगदी हळुवारपणे. बाबा, तुम्ही आईशी बोलता, मी समजू शकतो.

"तिच्याशी? तुझ्याशी बोलतंय रे मी. तू आतसून हूं हूं म्हणतंस मां. सुरमय आणूक पण हूं म्हणालंस."

हूं मी क्लायंटला म्हणत होतो. चहाही माझाच होता.

भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. 'वाटतं'मध्ये काय लिहू, हे बाबांनाच विचारायचं ठरवलं. तेवढ्यात दिशाचा कॉल आला. बाबा दारातून काहीतरी म्हणाले.

मी हूं म्हटलं.