एरियलची रोजची ओळ

धाकटे सिप्पोरा, शालोम. गुडघा कसा आहे?

खारघरच्या इस्पितळात आम्ही आजी-नातू ठीक. केमोने एरियलच्या गाठी हटेनात, म्हणून त्याच्याच रक्तातल्या पेशी काढून, लढायला शिकवून परत अंगात सोडल्या. नवीनच उपचार, अजून चाचणी चालू आहे.

ताप चढला तर डॉक्टर खूश. "आजी, पेशी कामाला लागल्या!" मी म्हटलं, "मग तुम्हालाच येऊ दे."

मेंदूवर परिणाम झालाय का बघायला नर्स त्याच्याकडून रोज एक ओळ लिहून घेते. काल अक्षरं एकमेकांवर चढली. मला जेवण गेलं नाही.

आज सरळ लिहिलं, 'आजीला घरी न्या, फार बोलते.'

मेला! मला वाचता येतं, तरी नर्सकडून दोनदा वाचून घेतलं.

तुझी ताई