मुद्दाम वाट वाकडी करू नकोस

क्लूनबेग, क्लेअर
८ जून १९८४

चि. उना हिस डेलियाताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. तुझी खुशाली वर्षातून दोनदा कळते, तेवढ्यावर भागवतो.

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. कोणत्या तारखेला कोणतं गाव, कोणतं हॉटेल, सगळं रेघा मारून. ही टापटीप तुझी नव्हे, वाउटररावांची. आपल्याच देशात तू पाहुणी होऊन हिंडणार, किल्ले आणि कडे बघणार, तेही हॉलंडच्या दोस्तमंडळींना घेऊन, म्हणजे कमालच झाली. लहानपणी तुला शेजारच्या टेकडीवर न्यायचं म्हटलं तरी पाय दुखायचे.

यादी न्याहारीच्या वेळी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली आणि मग, टेबलावर राहिली तर चहा सांडेल म्हणत, स्वतःच्या खिशात घातली. वाउटररावांचं नाव आलं तेव्हा तोंड फिरवलं नाही. उठताना म्हणाले, तिला लिही, मुद्दाम वाट वाकडी करू नकोस म्हणावं. म्हणून लिहिते आहे. तुम्ही चौघं, घर एवढंसं, चूल धुरकट, रस्त्याला खड्डे. उगाच तुमची ओढाताण नको.

बाबांचा उजवा डोळा गेला. डावा मात्र कुणाच्या कुरणात किती गुरं आहेत ते मोजायला पुरतो. मी घराला चुना लावून घेतला आणि दाराला हिरवा रंग दिला. सहज, रंग उरला होता.

आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या आहेत, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
डेलियाताई

*

किलार्नी
१९ जून १९८४

ती. डेलियाताईस उनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र निघण्याच्या आदल्या दिवशी हाती पडलं. तेव्हापासून पर्समध्ये आहे, घडीवर फाटायला आलं आहे.

कॅशेलचा खडक पाहिला. योस्ट हा वाउटरचा कचेरीतला मित्र, त्याने तिथल्या मनोऱ्याची उंची पुस्तकाशी ताडून पाहिली. त्याची बायको मीका ब्लार्नीच्या किल्ल्यात पाठीवर आडवी झाली आणि डोकं खाली लोंबकळत सोडून तिथल्या प्रसिद्ध दगडाचा मुका घेऊन आली. त्याने म्हणे वाणी फुटते. योस्ट म्हणाला, हिची तर बंद करणारा दगड हवा होता. काल तळ्यात होडीतून फिरलो. सगळं देखणं आहे, ताई, पण माझं लक्ष माणसांच्या बोलण्याकडेच. दुकानातल्या बाया, पोस्टातला म्हातारा, सगळे माझ्याच सुरात बोलतात. सोळा वर्षांत हे कानावर पडलं नव्हतं. परवा एका बाईने अंडी बांधून देताना मला पोरी म्हटलं आणि मला रडू फुटलं. त्रेचाळीस वर्षांची घोडी मी, अंड्यांच्या दुकानात रडत उभी.

काल मुक्कामाच्या घरच्या बाईंनी केक पुढे केला. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा नको. तिसऱ्यांदा ताटलीत घातलाच, तेव्हा खाल्ला. वाउटर चकित झाला. भूक होती तर खोटं का बोललीस म्हणाला. मी सांगितलं, आमच्यात पहिलं नको हे खरं नको नसतं, समोरच्याने आग्रह करायचा असतो. त्यावर तो म्हणाला, मग तुझ्या बहिणीच्या पत्रात आग्रह कुठे आहे?

ताई, मी शोधला. उभं-आडवं वाचलं. तू तर पोस्टमनलाही दोनदा आग्रह केल्याशिवाय सोडत नाहीस. मला एकदाही नाही. म्हणजे बाबांचं नको खरंच नको आहे. लग्न चर्चमध्ये नाही, रॉटरडॅमच्या विवाहनोंदणीच्या कचेरीत करणार हे सांगायला मी आले होते, तेव्हा ते म्हणाले होते, या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. मी त्याच दुपारी बस धरली. तो शब्द अजून तसाच असेल तर मला चौघांसमोर उंबऱ्यावरून परत फिरायचं नाही. तेवढी हिंमत नाही माझ्यात.

गुरुवारी मोहरचे कडे बघायला जातो आहोत. रस्ता आपल्याच फाटकावरून जातो.

तुझ्या मायेवर माझा हक्क अजून शिल्लक आहे असं धरून चालते.

तुझी,
उना

*

गॉलवे
२२ जून १९८४

ती. ताईस सा. न.

काल अकराच्या सुमाराला आम्ही घरावरून गेलो. बाबा फाटकाशी उभे होते. अंगात रविवारचा कोट. किती वाळले आहेत गं. गाडी जवळ आली तशी त्यांनी काठीवरचं एक बोट उचललं, कुठल्याही गाडीला उचलतात तसं. वाउटरने वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चल पुढे. मागून मीका म्हणाली, काय देखणा म्हातारा आहे, आणि तिने फोटो काढला. तिला ठाऊक नव्हतं.

कड्यांवर धुकं होतं. खाली समुद्र नुसता ऐकू येत होता. योस्ट फार हळहळला. मला काही दिसायला नकोच होतं. मी रडत होते आणि सगळ्यांना वाटलं वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय.

दार छान हिरवं दिसतं.

बुधवारी सकाळपर्यंत इथेच आहोत. शनिवारी रॉसलेअरहून बोट. आता भेट नाही. तू मला विसरू नकोस, एवढंच मागते.

उना

*

क्लूनबेग
सोमवार, २५ जून

उना,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदमच हाती आली. आशीर्वाद-बिशीर्वाद राहू दे बाजूला. गाढव आहेस तू, आणि मी तुझ्याहून मोठी गाढव.

बाबा गुरुवारी नव्हे, सोमवारपासून फाटकाशी उभे होते. गुरुवारच आहे असं मी दहादा सांगितलं, तर म्हणे लवकर निघाली तर? रोज दाढी, रोज तो कोट, आणि विचारलं की म्हणायचे गाय बघतोय. गाय मागल्या कुरणात होती. गुरुवारी दुपारी आत आले, कोट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “गेली गं ती. पिवळ्या नंबरपाटीची, हॉलंडची गाडी होती. थांबली नाही.” त्या दिवशी जेवले नाहीत. मी तुमच्या चौघांसाठी हॅम उकडून ठेवलं होतं, ते शेजारच्या केसींकडे गेलं.

आता माझा गुन्हा ऐक. तुला ते पहिलं पत्र टाकून आले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, नुसतं माझं म्हणणं लिहिलंस, की पुढे तू आग्रहही केलास? मी हो म्हटलं. खोटं बोलले. ये असं लिहिलं आणि तू नाही आलीस, तर तुला यायचं असतं, बाबांच्या शब्दामुळे येत नाहीस, असं सोळा वर्षं मनाला समजावत आले ते कोसळलं असतं. न विचारता तू आली नाहीस, तर ते सोसायला सोपं. घाबरट मेली मी.

तर आता तुमच्या हॉलंडच्या रीतीने, एका शब्दात लिहिते. ये. चौघंही या. चूल धुरकट नाही. रस्ता गेल्या वर्षीच केला.

हे पत्र मी स्वतः लाहिंचच्या पोस्टात नेऊन टाकते आहे. उद्या तुला मिळेल. बुधवारी मी स्वयंपाक करणार आहे, तू ये किंवा नको येऊस.

डेलिया

*

क्लूनबेग
९ जुलै १९८४

चि. उना हिस अनेक आशीर्वाद, आणि वाउटररावांना माझे नमस्कार सांग. तुमची बोट सुखरूप पोचल्याची तार मिळाली.

तुम्ही गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं आहे. तुमच्या अंथरुणाच्या चादरी अजून धुतल्या नाहीत, मला हसू नकोस. योस्टने जाण्याआधी आमची भिंत मोजून तीन इंच कललेली आहे असं सांगितलं, आणि बाबा तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भिंत दाखवतात. मीकाने फोटोची एक प्रत द्यायचं कबूल केलं आहे, आठवण कर.

दोन दिवसांत बाबा तुझ्याशी गाय, गवत आणि पाऊस याखेरीज कशावरही बोलले नाहीत. जाताना तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रस्ता ओला आहे, जपून जा म्हणाले. गाडीत बसताना तुझा चेहरा मी पाहिला. सगळं मिळालं आणि एक राहिलं, असा होता. म्हणून लिहिते.

तुम्ही आल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मीका आणि योस्टला घेऊन तू आईच्या थडग्यावर गेली होतीस. वाउटरराव बाबांपाशी बसले होते. मी मागे भांडी घासत होते. त्यांनी बाबांना सरळ विचारलं, सोळा वर्षांपूर्वी तुम्ही उनाला दारात पाय ठेवू नकोस म्हणालात, ते अजून तसंच आहे का? माझ्या हातून बशी निसटली. या घरात असं कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं.

बाबा जे म्हणाले ते पोरीला सांगू नकोस अशी त्यांनी वाउटररावांना गळ घातली, आणि मेहुणे शब्दाचे पक्के, त्यांनी ते पाळलं असणार. त्यांच्यावर रागावू नकोस. मी कुणाला शब्द दिलेला नाही.

माया आहे तिथेच आहे, तिची काळजी करू नकोस. बाबा म्हणाले ते असं, “ते बोलणं मी त्याच संध्याकाळी मागे घेतलं होतं. सांगायला ती घरात नव्हती.”

तुझी,
डेलियाताई