पूजेची वेगळी घागर

अप्पा,

तुम्ही शाळेत रसायनशास्त्र शिकवायचात आणि दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात तुम्ही उदगीरच्या आपल्या सगळ्या आळीलाही शिकवलंत. आड तळाला गेलेले, घरोघर जुलाब-उलट्या. तुम्ही बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून आडात सोडताय आणि बायका नाक मुरडतायत. "गुरुजी, पान्याला लई वास यायलाय, पोरं पीत न्हाईत." तुम्ही हसून म्हणता, "वास हाय म्हणूनच जगतील." आळी जगली, अप्पा. ते श्रेय तुमचंच.

आपल्या घरात मात्र दोन घागरी होत्या. प्यायची औषधाच्या पाण्याची आणि लिंगपूजेची वेगळी, परसातल्या आडाची. त्या आडात तुम्ही पावडर पडू दिली नाहीत. लिंगाला वासाचं पाणी कसं घालायचं? रोज पूजा झाली की ते तीर्थ आमच्या हातावर यायचं. मी जेमतेम ओठ ओले करायची. धाकटीला ते फार आवडायचं, वास नसायचा ना! ती पुन्हा हात पुढे करायची आणि तुम्ही कौतुकानं तिची ओंजळ भरायचात.

तिला उलट्या लागल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिते? तुम्ही ताठ मानेनं म्हणालात, "औषधाचंच." खोटं नव्हतं ते. तीर्थ तुमच्या लेखी पाणी नव्हतंच. त्या एका उत्तरानं आजही माझं डोकं फिरतं. ती गेली, लेकीसाठी अव्वा ऊर बडवत होती आणि रसायनशास्त्राचे मास्तर म्हणाले, शिवाची इच्छा.

पुढे लातूर जिल्हा झाला, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तुम्ही पेढे वाटलेत. मी परसातल्या आडाचं पाणी तपासलं आणि जेवताना सांगितलं, "अप्पा, आपल्या आडात मोरीची घाण उतरते. तेव्हाही उतरत असणार." तुम्ही ताट सरकवलंत. "आता कशाला काढायलीस ते?" दुसऱ्या दिवसापासून मात्र पूजेचं पाणी उकळून घ्यायला लागलात. म्हणजे पटलं होतं. मग एकदा तोंडानं म्हणायला काय जात होतं?

हे मी अव्वालाही वाचून दाखवणार नाही. तिनं तीर्थावर कधी संशय घेतला नाही, तेवढं तिच्याकडे राहू दे. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसून होते. लोक म्हणाले, लेकीनं किती सेवा केली. सेवा कसली, अप्पा. तुम्ही 'चुकलो' म्हणाल, म्हणून मी वाट बघत बसले होते.